जिनिंगच्या काट्याचं सॉफ्टवेअर : ऑब्जेक्ट ओरिएंटेड नीट शिकायचंय, डेस्कटॉप आणि वेब दोन्हीसाठी

कपाशी_पट्टा

नमस्कार मंडळी. मी धरणगाव तालुक्यातला, बीएस्सी कॉम्प्युटर करून तीन वर्षं झाली, सध्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) गाड्यांच्या वजनकाट्यावर कामाला आहे. पोस्ट मोठी होईल पण प्रश्न नीट कळावा म्हणून सगळं लिहितो.

मागच्या सीझनला मी शेठला म्हटलं की पावत्या हाताने लिहिण्यापेक्षा मी सॉफ्टवेअर करून देतो. सी शार्पमध्ये विनफॉर्म्स (विंडोजवरचे डेस्कटॉप फॉर्म), खाली डेटाबेसला एस्क्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. गाडी येते, भरलेलं वजन, ओलावा, भाव, मग रिकामं वजन, की हिशोबपट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात. चाललं हो, पूर्ण सीझन चाललं. सगळा कोड एकाच फॉर्ममध्ये, 'पट्टी छापा' या बटणाच्या क्लिकमध्ये सगळं.

त्याच सीझनमध्ये पुढे शेठ म्हणाले की मला जळगावला बसून मोबाईलवर दिसायला पाहिजे आज किती गाड्या आल्या, सरासरी भाव काय पडला, आणि शेतकऱ्यालाही त्याची पट्टी मोबाईलवर दिसली पाहिजे. मी वेब पेज केलं, आणि बटणातला हिशोबाचा कोड उचलून तिकडे चिकटवला. नंतर ओलाव्याचा नियम बदलला. आधी आमच्याकडे १० टक्क्यांच्या वर कपात होती, मग ८ च्या वर दर टक्क्याला १ टक्का अशी सुरू झाली. मी डेस्कटॉपमध्ये बदललं आणि वेबमध्ये बदलायचं राहून गेलं.

एक ट्रॅक्टर आला, भरलेलं ५,५२० किलो, रिकामं ३,६४०, निव्वळ १,८८०. भाव ७,०००, ओलावा ११. कागदावरच्या पट्टीत १,२७,६५२ रुपये आणि मोबाईलवर १,३०,२८४. २,६३२ रुपयांचा फरक. त्या काकांनी एका हातात कागद आणि एका हातात मोबाईल धरला आणि मला विचारलं, यातलं खरं कोणतं? खरा कागदच होता पण मला ते त्यांना पटवता आलं नाही. वर्षभराची कपाशी होती ती त्यांची. दोन दिवस झोप लागली नाही मला.

मला आता हे मुळापासून शिकायचंय. क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम परीक्षेत लिहिलंय, मार्कही मिळाले, पण या पट्टीत ते कुठे बसतं हेच कळत नाही. मल्टिटियर म्हणजे नेमकं काय? कुठून सुरुवात करू?

भुसावळ_जंक्शन

भाऊ, आधी एक सांगतो, तू जो प्रसंग लिहिला ना तोच मल्टिटियर शिकायचं खरं कारण आहे, पुस्तकात ते कारण असं लिहिलेलं सापडत नाही. मी पुण्यात हेच काम करतो बरीच वर्षं, मूळ भुसावळचा.

नवीन काही वाचायच्या आधी एक काम कर. तो मोठा फॉर्म प्रिंट काढ, कागदावरच, आणि तीन रंगाचे पेन घे. जी ओळ स्क्रीनबद्दल बोलते, म्हणजे टेक्स्टबॉक्स, लेबल, मेसेज, प्रिंटर, ती निळी. जी ओळ जिनिंगचा व्यवहार सांगते, म्हणजे निव्वळ वजन कसं काढायचं, कपात किती, हमाली किती, ती लाल. आणि जी डेटाबेसशी बोलते ती हिरवी. एका ओळीत दोन रंग आले तर दोन्ही मार. झालं की इथे येऊन सांग लाल ओळी किती निघाल्या.

लेयर आणि टियर यात गल्लत होते सगळ्यांची, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. लेयर म्हणजे कोडचे थर, ते एकाच कॉम्प्युटरवर एकाच प्रोग्राममध्ये असू शकतात. टियर म्हणजे ते थर वेगवेगळ्या मशीनवर किंवा निदान वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, म्हणजे काट्यावरचा पीसी वेगळा, सर्व्हर वेगळा, डेटाबेस वेगळा. थर नीट पडलेले असतील तर टियर नंतर करता येतात. थर न पाडता नुसत्या मशीन वाढवल्या तर गोंधळ दोन मशीनवर पसरतो, तुझं तेच झालं.

सातपुडा_पायथा

माझं मत, सरळ जावावर जा. त्यातलं स्प्रिंग फ्रेमवर्क शिक, नोकरीलाही कामाला येईल. विनफॉर्म्समध्ये आता कोण करतं. आणि डेस्कटॉप पाहिजेच कशाला, सगळंच वेबवर करून टाक, एकच कोड राहील, कटकट मिटली.

भुसावळ_जंक्शन

सातपुडाभाऊ, जावा चांगलीच आहे, १९९५ पासून उभी आहे आणि शिकायला काही हरकत नाही. पण त्याच्याकडे चालू प्रोग्राम आहे सी शार्पमधला, सीझन तोंडावर आहे, भाषा बदलून त्याचा लाल पेनचा प्रश्न सुटणार नाही. जावात पण एकाच बटणात सगळं लिहिता येतं आणि लिहितात लोक.

डेस्कटॉप का पाहिजे ते काट्यावर उभं राहिलं की कळतं. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) सिरियल पोर्टवर वजन फेकतो. क्रोममध्ये २०२१ पासून वेब पेजला सिरियल पोर्ट वाचता येतो हे खरं आहे, पण नेट गेलं की काय? कपाशीच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली असते, तिथे 'सर्व्हर सापडत नाही' म्हणून शेतकऱ्याला थांबवायचं का? काट्यावरचं काम नेटशिवाय चाललंच पाहिजे. दूर बसून बघायचं काम वेबवर. दोन्ही लागतात, म्हणूनच मधला थर सामाईक लागतो.

पांझरा_मास्तर

मी धुळ्यात हा विषय शिकवतो. धागाकर्त्याची पोस्ट वाचून मनापासून वाईट वाटलं, कारण आम्हीच मुलांना 'प्राणी' हा बेस क्लास, 'कुत्रा' त्याचा डिराइव्ड क्लास, कुत्रा भुंकतो मांजर म्याव करते, इतकं शिकवून सोडून देतो. त्यातून व्याख्या पाठ होतात. प्रोग्राम लिहायला घेतला की त्यातलं काही हाताला लागत नाही.

खरं तर या कल्पनेचा जन्मच तुमच्या काट्यासारख्या कामातून झालाय. नॉर्वेत ओस्लोला ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनी सिम्युला भाषा केली. रांगा, यंत्रं, वाहतूक असल्या गोष्टी कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या, म्हणजे सिम्युलेशन, हे त्यांचं काम होतं. प्रत्येक गाडीची स्वतःची माहिती आणि तिचं स्वतःचं वागणं एकत्र बांधून ठेवावं लागलं, आणि १९६७ च्या सिम्युलात क्लास, म्हणजे अशा ऑब्जेक्टचा साचा, आणि इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा करणं, हे आले. पुढे बेल लॅबमध्ये ब्यार्न स्ट्रॉस्ट्रूपने १९७९ मध्ये हीच कल्पना सी भाषेत आणायला घेतली, तिचं सी प्लस प्लस झालं. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या गाडीचा ऑब्जेक्ट करणं ही मूळ गोष्ट, कुत्रामांजर नंतर पुस्तकवाल्यांनी आणलं.

आता तुमची पट्टी घेऊ. 'काटापावती' नावाचा एक क्लास कल्पा. त्यात भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव. बहुतेक मुलं काय करतात, हे सगळे पब्लिक करून टाकतात, आणि निव्वळ वजन हे पण वेगळं पब्लिक ठेवतात ज्यात कोणीही कुठूनही आकडा भरू शकतो. मग तो क्लास म्हणजे नुसती पिशवी झाली. निव्वळ वजन बाहेरून कोणाला भरताच येता कामा नये, ते भरलेल्यातून रिकामं वजा करूनच मिळेल. आणि रिकामं वजन भरलेल्यापेक्षा जास्त आलं तर पावतीने ते घेऊच नये, तिथल्या तिथे नकार द्यावा. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच, चुकीची पावती जन्मालाच येऊ नये अशी व्यवस्था. 'डेटा लपवणे' ही व्याख्या लिहून मुलं मोकळी होतात, पण लपवायचा कशासाठी हे आम्ही सांगत नाही, ते सांगायला पाहिजे.

यावल_रोड

मास्तरांना +१. मी जळगावात पतसंस्थांचं सॉफ्टवेअर बघते, बारा वर्षं झाली, तर माझी एक चूक सांगते, इन्हेरिटन्सची. शिकून नवीन नवीन आले होते आणि जिकडे तिकडे इन्हेरिटन्स दिसायचा.

मी 'खाते' हा बेस क्लास केला, त्यात पैसे भरा आणि पैसे काढा या दोन मेथड (क्लासला करता येणारी कामं). त्यातून बचत खातं, मुदत ठेव, कर्ज खातं. दिसायला फार सुंदर. मग मुदत ठेवीतून मुदतीआधी असे पैसे काढता येत नाहीत, म्हणून तिथे 'पैसे काढा' मध्ये एक्सेप्शन, म्हणजे चूक सांगून काम थांबवणं, टाकलं. कर्ज खात्यात पैसे भरणं म्हणजे परतफेड, तिथे आधी व्याज वळतं करायचं मग मुद्दल. म्हणजे नाव एकच आणि वागणं तीन. मग ज्या ज्या ठिकाणी खातं वापरलंय तिथे मला विचारावं लागायला लागलं, हे ठेव तर नाही ना, हे कर्ज तर नाही ना. अशा तपासण्या चाळीसेक ठिकाणी झाल्या. मार्चएंडला एका ठिकाणची राहिली आणि व्याजाची रात्रीची प्रोसेस मध्येच बंद पडली, आम्ही पहाटेपर्यंत ऑफिसात होतो.

बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेलं तत्त्व आहे, बेस क्लासच्या जागी डिराइव्ड क्लास ठेवला तर वापरणाऱ्याला धक्का बसता कामा नये. मी ते वाचलेलं होतं हो, पण त्या रात्री कळलं. आता मी आधी इंटरफेस (काय करता येतं एवढंच सांगणारा करार) करते, 'ज्यातून काढता येतात', 'ज्यावर व्याज बसतं' असे छोटे छोटे, आणि ज्या खात्याला जे लागू ते त्याने घ्यावं. इन्हेरिटन्स फार क्वचित.

कपाशीभाऊ, तुमच्याकडे 'ट्रॅक्टर' आणि 'पिकअप' असे क्लास करायचा मोह होईल. करू नका. हिशोबाला गाडी कोणती याने काही फरक पडत नाही, तो नुसता एक कॉलम आहे. फरक पडतो तो कपातीच्या नियमाने, तर नियमाचा ऑब्जेक्ट करा.

कपाशी_पट्टा

खूप खूप आभार सगळ्यांचे. भुसावळदादा, पेन घेऊन बसलो दोन रात्री. फॉर्ममध्ये एकूण २,८४० ओळी. 'पट्टी छापा' बटणातच ४१० निघाल्या. लाल ओळी मोजल्या तर फक्त ३७! आणि त्याच ३७ ओळी थोड्या फरकाने अजून दोन ठिकाणी, एकदा दुबार प्रिंटच्या बटणात आणि एकदा दिवसाच्या रिपोर्टमध्ये. वेब धरलं तर चार ठिकाणी. मला वाटत होतं दोनच आहेत.

मास्तर, तुमचं निव्वळ वजनाचं वाचलं आणि लगेच उघडून बघितलं, माझ्याकडे निव्वळ वजन डेटाबेसमध्ये वेगळ्या कॉलमला आहे आणि दुरुस्तीच्या फॉर्ममधून ते हाताने बदलता येतं. कोणी बदललेलं नाही पण बदलता येत होतं, पूर्ण सीझन.

ताई, नियमाचा ऑब्जेक्ट म्हणजे कसं ते अजून थोडं सांगाल का? नियम म्हणजे एक इफ आहे ना फक्त.

यावल_रोड

आज एक इफ आहे. पण बघा, तुमच्या शेठने नियम सीझनच्या मध्येच बदलला. जुन्या नियमाने झालेली पट्टी उद्या दुबार छापायची झाली तर तुमचा प्रोग्राम तिला नवा नियम लावणार की नाही? दुबार प्रिंटच्या बटणात पण हिशोब आहे म्हणालात, म्हणजे लावणारच. शेतकऱ्याकडच्या मूळ कागदात आणि दुबार प्रतीत फरक येईल, आणि परत तुमच्यासमोर कोणीतरी दोन कागद धरून उभं राहील.

म्हणून 'ओलावाकपात' असा इंटरफेस करा, त्याचं काम एकच, ओलावा सांगितला की किती टक्के कपात ते सांगायचं. त्याचे दोन क्लास, एक १० च्या वरचा, एक ८ च्या वरचा. प्रत्येक नियमाला कधीपासून लागू ती तारीख. पावतीला तिच्या तारखेचा नियम मिळतो, आणि पावती स्वतः कधीच विचारत नाही की तू कोणता नियम आहेस, ती फक्त म्हणते, ओलावा ११ आहे, कपात सांग. पॉलिमॉर्फिझम ते हेच. उद्या तिसरा नियम आला तर तिसरा क्लास लिहायचा, जुन्या दोघांना हात लावायचा नाही.

अजून एक, काही जिनिंगवाले भावातून कापतात, काही वजनातून. १,८८० किलोतून ३ टक्के कापले तर १,८२३.६ किलो, रुपये तेवढेच येतात, पण साठ्याचा आकडा बदलतो, आणि हमाली कोणत्या वजनावर हा वेगळाच प्रश्न. शेठला हे आत्ताच विचारून घ्या, मनाने ठरवू नका.

आणि पैशाला डबल (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरला असेल तर आजच डेसिमल (नेमका साठवणारा) करा. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी काहीतरी शेपूट राहतं. एका पट्टीत दिसत नाही, हजार पट्ट्यांच्या बेरजेत दिसतं आणि मग मुनीम रात्रभर ते शोधत बसतो.

तोरणमाळ_२२

भाऊ माले बी हाई शिकनं शे, पन घर लॅपटॉप नही. नंदुरबारले कॉलेज शे, सेकंड इयर. मोबाईलवर व्हई का?

पांझरा_मास्तर

नक्की होईल भाऊ, सुरुवात तर होईलच. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये सी शार्प आणि जावाचे ऑनलाइन कंपायलर चालतात, पन्नास ओळींपर्यंतचे छोटे क्लास त्यात लिहून बघता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर जावाचे धडे मराठीत आहेत, एकेक धडा थोड्या मिनिटांचा, डाउनलोड करून ठेवता येतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम वहीतच होतं. तुमच्या घरचा किंवा गल्लीतला एक व्यवहार घ्या, तुमच्याकडे नंदुरबारला मिरचीचा बाजार आहे, तिथे अडत्याकडे एक सकाळ बसा. माल आला, तोलाई, हमाली, आडत, शेवटी शेतकऱ्याच्या हातात काय पडलं. कोणाला काय माहीत असतं आणि कोण काय ठरवतं हे एका पानावर लिहा. ते पान घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये बसा. लॅब रिकामी असते तेव्हा सरांकडे मागा, बहुतेक सर नाही म्हणत नाहीत, मला कोणी असं पान घेऊन आलं तर मी किल्ली देऊन टाकीन.

कपाशी_पट्टा

एक अडचण आली, आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येईना. काट्याकडून वजन वाचायचा कोड मी वेगळ्या क्लासमध्ये काढला. आता कधीकधी ५,५२० च्या ऐवजी स्क्रीनवर ५५ दिसतं आणि लगेच २०. आणि कधी 'क्रॉस थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' म्हणून प्रोग्राम बंद पडतो. आधी हे होत नव्हतं, टायमर लावून वाचत होतो. आणि टेस्ट करायला दरवेळी काट्यावर जावं लागतं, घरी रात्री काही करता येत नाही.

भुसावळ_जंक्शन

दोन्ही चुका सगळ्यांच्या होतात. सिरियल पोर्टचं असं आहे की डेटा येईल तसा तुकड्यातुकड्याने येतो, एक वजन म्हणजे एक तुकडा असं कुठे ठरलेलं नाही. तू 'आत्ता जे आलंय ते दे' म्हणतोयस म्हणून '५५' एकदा आणि '२०' एकदा. आलेलं एका बफरमध्ये साठवत जा, ओळ संपल्याचं चिन्ह आलं की मगच ती ओळ कापून आकडा काढ. ते चिन्ह काय आहे हे इंडिकेटरच्या मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजाने ठेवू नको. आणि लागोपाठ चारपाच वाचनं सारखी आली तरच वजन स्थिर धर, ट्रॅक्टर काट्यावर चढताना आकडा हलत असतो.

दुसरं, थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक धागा. पोर्टवर डेटा आला की जो इव्हेंट येतो तो स्क्रीनच्या थ्रेडवर येत नाही, बाजूच्या थ्रेडवर येतो, आणि विनफॉर्म्समध्ये दुसऱ्या थ्रेडवरून टेक्स्टबॉक्सला हात लावायची परवानगी नाही. फॉर्ममध्ये इन्व्होक वापरून तो आकडा स्क्रीनच्या थ्रेडकडे सोपव. हे काम फॉर्मचं, काटा वाचणाऱ्या क्लासला फॉर्म माहीतच नको.

आता तिसरं, घरी टेस्ट करायचं. इथे तुला ऑब्जेक्ट ओरिएंटेडची खरी मजा कळेल बघ. 'वजनदाता' असा इंटरफेस कर, त्याला एवढंच माहीत की स्थिर वजन मिळालं की कळवायचं. त्याचा एक क्लास 'सिरियलकाटा', खरा. दुसरा क्लास 'नकलीकाटा', जो एका टेक्स्ट फाइलमधून वजनं वाचून सेकंदासेकंदाला देतो. फॉर्मला सुरू होताना बाहेरून कोणता तरी एक दे. जिनिंगमध्ये खरा, घरी नकली. फॉर्मला काही कळतही नाही. आणि त्या फाइलमध्ये मुद्दाम वाईट वजनं टाक, हलणारी, शून्य, रिकामं भरलेल्यापेक्षा जास्त.

कपाशी_पट्टा

दादा!! रात्री अडीच वाजलेत. घरी ओट्यावर बसून राह्यलो आणि लॅपटॉपवर काटा चालतोय. फाइलमधून ट्रॅक्टर येऊन राह्यले, पट्ट्या बनून राह्यल्या, काटा आठ किलोमीटर लांब आहे. इंटरफेस म्हणजे काय हे तीन वर्षं मी पाठ केलं होतं, 'ज्यात फक्त मेथडची घोषणा असते', आज पहिल्यांदा तो कशाला असतो ते कळलं. आईला उठवून सांगितलं, तिला काय समजलं माहीत नाही पण चहा करून दिला तिने.

सातपुडा_पायथा

वाचून छान वाटलं भो. माझी आधीची पोस्ट मागे घेतो, भाषेचा मुद्दा इथे नव्हताच. एक मात्र सांगतो, डेटाबेसच्या थराकडे पण बघ. एस्क्यूएलच्या क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) प्लस लावून नावं जोडत असशील तर ते बंद कर, पॅरामीटर वापर, म्हणजे नाव क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळं पाठव. वेबवर आल्यावर कोणीही टेक्स्टबॉक्समधून क्वेरी घुसवू शकतो.

कपाशी_पट्टा

हो, प्लस लावूनच जोडतोय. आणि त्यातच विचारतो, शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकलं की डेटाबेसमध्ये ???? असं जातं. म्हणून इंग्रजीतच टाकतोय सगळी नावं. यावर काही आहे का?

यावल_रोड

याच्यावर पूर्वी माझे आठ दिवस गेलेत. कॉलम व्हारकॅर असेल तर एन-व्हारकॅर करा, साध्या व्हारकॅरमध्ये देवनागरी बसत नाही आणि तिथे प्रश्नचिन्हं पडतात. आणि क्वेरीत थेट मजकूर लिहिला तर अवतरणाच्या आधी एन हे अक्षर लावावं लागतं, नाहीतर कॉलम बरोबर असूनही प्रश्नचिन्हं येतात. पॅरामीटर वापरले की स्ट्रिंग आपोआप युनिकोड म्हणून जाते, हे बघायलाच लागत नाही. सातपुडाभाऊंनी सांगितलं ते केलंत की दोन्ही कामं एकदम होतील. जी नावं आधीच प्रश्नचिन्हं होऊन बसलीत ती मात्र परत येणार नाहीत, ती हातानेच टाकावी लागतील.

शेतकऱ्याचं नाव त्याच्या भाषेत आलंच पाहिजे पट्टीवर. त्याला वाचता आलं पाहिजे.

भुसावळ_जंक्शन

आता वेबकडे वळू, कारण घाईत इथेच चुका होतात.

लाल ओळी एका वेगळ्या क्लास लायब्ररीत टाक, डॉटनेट स्टँडर्ड २.० ची कर, म्हणजे तुझा जुना डॉटनेट फ्रेमवर्कवरचा विनफॉर्म्सही ती वापरेल आणि नवीन एएसपी डॉटनेट कोअरचं वेबही. फ्रेमवर्क ४.७.२ किंवा पुढचा ठेव, त्याच्या आधीच्यात कुरबुरी होतात. त्या लायब्ररीत विनफॉर्म्सचा किंवा एस्क्यूएलचा एकही संदर्भ आला तर समज कुठेतरी गळती आहे.

जिनिंगच्या एस्क्यूएल सर्व्हरचा १४३३ पोर्ट इंटरनेटला उघडून जळगावहून थेट जोडायचं असं कोणी सुचवलं तर ऐकू नको. उघडा डेटाबेस लोक शोधतच असतात. मध्ये एपीआय ठेव, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन उत्तर देणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम. काट्यावरचा प्रोग्राम पावती आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहील, सोबत 'पाठवायच्या' यादीत टाकेल. नेट असेल तेव्हा यादीतली एकेक पावती एपीआयकडे जाईल, तिकडून पोचल्याचं उत्तर आलं की यादीतून काढायची. उत्तर येता येता नेट गेलं तर तीच पावती दुसऱ्यांदा जाईल, म्हणून सर्व्हरने पावतीच्या ओळखीवरून ओळखलं पाहिजे की ही आधी आलीय, परत जमा करायची नाही.

आणि ती ओळख म्हणजे १, २, ३ असा नंबर नको. शेठ दुसरा काटा टाकणार म्हणाला असेल किंवा नसेल, टाकेल कधीतरी. दोन्ही काट्यांवर ४५१ नंबरची पावती होईल. आतल्या आत जीयूआयडी (दुसरीकडे कुठे परत न येणारी लांबलचक ओळख) वापर, कागदावर छापायला काट्याचं अक्षर आणि नंबर, क ४५१, ख ४५१.

वेबवर हिशोब परत करायचा का, हा प्रश्न तुला पडेल. शेतकऱ्याला दाखवताना करू नको. पट्टी एकदा बनली की रक्कम आणि कोणत्या नियमाने बनली ते दोन्ही पक्कं साठव आणि तेच दाखव. सर्व्हरने पावती घेताना त्याच लायब्ररीने एकदा हिशोब करून पडताळावा, जुळला नाही तर बाजूला काढून ठेवावा. दाखवणं वेगळं आणि पडताळणं वेगळं.

पांझरा_मास्तर

हा धागा मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे, धागाकर्त्याची हरकत नसेल तर. नावगाव न सांगता. आपल्या अमळनेरला १९४५ मध्ये तेलाची कंपनी निघाली तिचीच पुढे विप्रो झाली, हे मुलांना दरवर्षी अभिमानाने सांगतो, पण सॉफ्टवेअर करायला आपल्या शेजारच्या जिनिंगमध्ये विषय पडलेला आहे हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला मी कमी पडलो. यंदा प्रोजेक्टला 'लायब्ररी मॅनेजमेंट' बंद, प्रत्येकाने एका खऱ्या पावतीवरून सुरुवात करायची.

कपाशी_पट्टा

मास्तर, हरकत कसली, जरूर वाचा.

पाच आठवड्यांनी अपडेट देतो. लायब्ररी वेगळी झाली, तिचं नाव 'हिशोब' ठेवलंय. फॉर्म २,८४० वरून ६९० ओळींवर आला, त्यात फक्त निळं आहे, दोन दिवसांपूर्वी परत प्रिंट काढून तपासलं. शेठला विचारलं कपात भावातून की वजनातून, ते म्हणाले भावातून, हमाली पूर्ण वजनावर. तसं लिहून सही घेतली. दुबार प्रिंट आता साठवलेलंच छापतं. नावं मराठीत येताहेत, मागच्या सीझनची दोनशे नावं बहिणीने बसून परत टाकून दिली.

नकली काट्याच्या फाइलमध्ये सगळ्यात पहिली ओळ ५,५२० आणि ३,६४० ची आहे. प्रोग्राम बदलला की आधी तोच ट्रॅक्टर चालवतो, तारीख नवीन नियमाची, ओलावा ११, उत्तर १,२७,६५२ आलं पाहिजे. डेस्कटॉपवर आणि वेबवर.

त्या काकांकडे गेलो होतो रविवारी. त्यांना दोन्ही दाखवलं, कागद आणि मोबाईल. त्यांनी चष्मा लावून आधी स्वतःचं नाव वाचलं, मग आकडा.

एक राहिलंय. पावती चुकून झाली तर आत्ता मी डिलीट करतो. हे बरोबर आहे का?

यावल_रोड

नाही. पावती कधीच डिलीट करायची नाही. 'रद्द' ही तिची अवस्था करा, कोणी केली, कधी, कारण काय ते सोबत. आणि रद्द करायचं काम पावतीच्या क्लासमधूनच व्हावं, पैसे दिलेली पावती रद्द करायला तिने स्वतः नकार द्यावा. नंबरात खड्डा दिसला की लोकांना शंका येते, रद्दची पावती दिसली तर येत नाही.

कपाशी_पट्टा

समजलं ताई. आज रात्री बसतो. मुहूर्ताची खरेदी पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी करून टाकतो.